जांभळ्या-हिरव्या चौकड्या

कुरुळी, ११ एप्रिल २०२५

चि. विलास,

आशीर्वाद आधी घे, कारण पुढे सगळा संतापच आहे. फोन केला असता, पण तुझ्या कारखान्यात मशिनींचा एवढा गलका, की मी रडत असले तरी तू "बरं झालं, बरं झालं" म्हणतोस. पत्रात तुला मधेच "ठेवतो" म्हणता येत नाही.

स्नेहल आणि समर्थच्या शाळेने पुन्हा गणवेश बदलला. शाळेचं नाव तुला माहीतच आहे, डॉल्फिन हिल्स ग्लोबल स्कूल. नावात मासा आहे, डोंगर आहे, अख्खं जग आहे. प्रत्यक्षात समोर ट्रकांची रांग आणि मागे पत्र्याची शेड. आधी निळा-पांढरा गणवेश होता. मग राखाडी झाला. आता जांभळ्या-हिरव्या चौकड्या, टाय, आणि वर ब्लेझर. स्नेहलची उंची वाढली म्हणून दिवाळीनंतर राखाडी स्कर्ट नवा घेतला होता. आता तो घालायचा कुठे, लग्नात?

पालकसभेत संचालक सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. जांभळा रंग नेतृत्वाचा, हिरवा पर्यावरणाचा. तुझे दाजी रात्रपाळी करून आले होते. एसीच्या हॉलमध्ये बसल्या बसल्या झोपले आणि टाळ्यांनी जाग आली तेव्हा तेही टाळ्या वाजवायला लागले. मी उठून विचारलं, "सर, जूनमध्ये ब्लेझर? वर्गात तर पंखासुद्धा धड फिरत नाही."

सर म्हणाले, "मॅडम, एसी पुढच्या टप्प्यात आहे. ब्लेझर पहिल्या टप्प्यात."

आणि हे सगळं फक्त निगडीच्या एका दुकानात मिळणार. भोसरीला बस बदलून दोन पोरं घेऊन जायचं. दोघांचे कपडे घेतले की दाजींचा अर्धा पगार तिथेच उतरवून यायचा. मी मेसच्या पोळ्या लाटून जे मिळवते ते टायमध्ये जाईल.

तू शाळांचेच कपडे शिवतोस. नमुन्याच्या कापडाचा एक तुकडा शाळेतून मिळवलाय, तो आणि दोघांची मापं सोबत ठेवते. हे कापड सोलापुरात मिळत असेल तर माझ्या दोघांना शिवून दे ना. तुझी शिलाई मी देईन, मामा म्हणून फुकट नको.

भाग्यश्रीला आणि वर्षालीला आठवण सांग.

तुझी
कस्तुराअक्का

सोलापूर, २१ एप्रिल २०२५

ती. अक्का,

तुझं पत्र वाचून रक्त उसळलं. काय लूट आहे ही! शिक्षणाचा नुसता बाजार मांडलाय लोकांनी. गरिबाने जगायचं कसं?

तुकड्याचं म्हणशील तर पाकिटात तो नव्हता. पोस्टात कुठे पडला असेल. पण तू वर्णन केलंस त्यावरून सांगतो, असल्या चौकड्या गिरणीत खास ऑर्डर देऊन विणून घेतात. बाजारात त्या मिळत नाहीत. मी शोधलं असतं, पण शोधून उपयोग नाही.

म्हणून माझं ऐक. शाळेशी वाद घालू नकोस. आपण शिकलो नाही, निदान पोरं शिकतील. शाळेच्या मनात एकदा एखादं मूल बसलं की बसलं, मग ते चांगलं असो की वाईट. टाय, ब्लेझर, दोन जोड, बुधवारचा पांढरा टी-शर्ट, सगळं एकदाच घेऊन मोकळी हो. पुन्हा पुन्हा निगडीचे हेलपाटे नकोत.

इकडे देवाच्या कृपेने यंदा काम भरपूर आहे. एका पार्टीची मोठी ऑर्डर मिळाली. दोन मशिनी नव्या घेतल्या. आता चौदा बाया कामाला आहेत. भाग्यश्री म्हणते, अक्काचा पायगुण.

दाजींना सांग, सभेत झोपू नका. पुढचा गणवेश झोपेतच मंजूर होतो.

तुझा
विलास

कुरुळी, ८ मे २०२५

चि. विलास,

तू अंतर्ज्ञानी आहेस की काय? बुधवारच्या टी-शर्टचं मी तुला लिहिलंच नव्हतं. ते आम्हालाच परवा कळलं, शाळेच्या ग्रुपवर! मी घरात सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ सोलापुरात बसून इथल्या शाळांच्या पोटातलं ओळखतो. सासूबाई म्हणाल्या, त्याला समर्थचं भविष्य विचार.

निगडीला जाऊन आले. दुकान कसलं, सोनाराची पेढी वाटावी. मालक रविराजशेठ. हातात कडं आणि तोंडात "ताई". समर्थच्या मापाचा शर्ट मागितला तर दोन नंबर मोठा पुढे केला.

"यात हा दोनदा मावेल की हो," मी म्हटलं.

"वाढेल ना ताई, पोरगं आहे."

"वाढेपर्यंत तुम्ही गणवेश ठेवाल का?"

हसले. "आम्ही कोण? शाळा ठरवते, आम्ही सेवा करतो."

स्नेहलने ब्लेझर अंगात घालून आरशात पाहिलं. विलास, तिला तो आवडला रे. खांदे मागे घेऊन उभी राहिली, अगदी विमानतळावरच्या पोरींसारखी. तिचा तो चेहरा बघून मी पर्स उघडली आणि किंमत बघून परत मिटली. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. 

घरी आले आणि ठरवलं. देहूरोडच्या विजयश्रीताई आहेत, त्यांचा मुलगा स्नेहलच्या वर्गात आहे. त्या वकिलाकडे काम करतात. त्या म्हणाल्या, एकाच दुकानाची सक्ती शाळेला करताच येत नाही. भिमाबाईंच्या अंगणात आम्ही बायका जमलो. त्या गावातल्याच, त्यांचा नातू याच शाळेत आहे. ठरलं असं, की नवा गणवेश कुणीच घ्यायचा नाही. सोळा जूनला पोरं राखाडीतच जातील. आणि पुढारी कोण? मी. कारण काय, तर आवाज मोठा.

आता तुझं काम. आम्ही शिक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज देतोय. या कपड्यांना खरा खर्च किती येतो, ते तुझ्या कारखान्याच्या लेटरहेडवर लिहून सहीशिक्क्यानिशी पाठव. घरातलाच माणूस या धंद्यात आहे हे ऐकून सगळ्यांना केवढा धीर आला म्हणून सांगू!

कस्तुराअक्का

सोलापूर, १७ मे २०२५

ती. अक्का,

लेटरहेड संपलं आहे. छापणारा गावाला गेलाय. शिक्का पोरीने कुठे टाकला सापडत नाही. नाहीतर मी लगेच पाठवलं असतं, यात शंका नको.

पण पुढारपण आपल्या घराण्यात कुणाला लाभलंय, सांग. काका सरपंच झाले आणि दोन एकर विकून घरी बसले. ती विजयश्रीताई वकिलाकडची, तिला भांडण म्हणजे रोजची भाजी-भाकरी. तू कशाला त्यात?

आणि एक बाजू तू पाहिलीच नाहीस. तुम्ही बहिष्कार घालाल, टाळ्या वाजतील. पण ते कपडे कुणीतरी शिवून ठेवले असतील ना? कुठेतरी चौदा बाया मशिनीवर वाकून बसल्या असतील. त्यांच्याही घरी पोरं आहेत. कुणीतरी उधारीवर कापड उचललं असेल. त्याच्या पोटावर पाय येईल. हे आपलं उदाहरण म्हणून सांगतो.

स्नेहलचं वाचून मात्र वाईट वाटलं. लहान असताना ती माझ्या मांडीवर बसून बटणांच्या डब्याशी खेळायची. ट्रॅव्हल्सने एक पार्सल टाकलंय, दोघा भाचरांसाठी मामाकडून. कसं मिळालं, कुठून मिळालं, विचारू नकोस. कुणाला दाखवू नकोस. शाळा सुरू झाली की गुपचूप घालून पाठव.

विलास

कुरुळी, २७ मे २०२५

विलास,

पार्सल मिळालं.

दाजींनी मोशीच्या स्टॉपवर उतरवून घेतलं आणि तसेच खांद्यावर मारून भिमाबाईंच्या अंगणात आले. तिथे आमची बैठक चालू होती, साठेक बायका. दाजींना वाटलं, मेहुण्याने खर्चाचे कागद पाठवले. त्यांनी मोठ्या कौतुकाने सगळ्यांसमोर दोरी कापली.

आतून निघाले दोन ब्लेझर. शर्ट, स्कर्ट, पँट, टाय. स्नेहलच्या आणि समर्थच्या अचूक मापाचे. बुधवारचे टी-शर्ट. आणि दोन टोप्या.

विजयश्रीताईंनी टोपी हातात घेतली. "कस्तुराताई, ही कसली? गणवेशात टोपी कुठे आहे?"

तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर शाळेचा मेसेज वाजला. शुक्रवारी टोपी सक्तीची.

टोपी अंगणात हातोहात फिरली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आपण इथे उन्हात बसतोय आणि पुढाऱ्याच्या घरी पार्सलं येतात." दुसरी म्हणाली, "कमिशन असेल." ज्या बाईने मला हळदीकुंकवाला साडी दिली होती, ती पदर झटकून उठून गेली.

मला एकच सांग. तुकडा पोस्टात पडला होता का?

कस्तुरा

सोलापूर, ३ जून २०२५

ती. अक्का,

पडला नव्हता. पाकीट उघडलं आणि तो माझ्या पुढ्यात पडला, आणि टेबलावर त्याच कापडाचे तागे रचलेले होते.

खोटं बोललो. पण ऐकून घे. पाच वर्षांपूर्वी माझा कारखाना बंद पडायच्या बेतात होता. का, तर शाळा दहा-दहा वर्षं तोच गणवेश ठेवायच्या. थोरल्याचा धाकटा घालायचा, धाकट्याचा शेजारचा. कपडा चांगला शिवला की गिऱ्हाईक परत येत नाही, असा हा एकच धंदा. मग रविराजशेठ भेटले. म्हणाले, "विलास, गणवेश साबणासारखा पाहिजे, झिजला पाहिजे. कापड झिजत नसेल तर रंग झिजवू." संचालकांचा वाटा ते बघतात, मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण आकडा माहीत नाही.

ती शाळा तुझी, हे मला तुकडा पाहेपर्यंत ठाऊक नव्हतं. शेठ शाळेची नावं सांगत नाहीत, नुसते रंग सांगतात. पण बुधवारचा टी-शर्ट माझीच कल्पना. टोपीसुद्धा. ब्लेझरची नाही, एवढं तरी लक्षात घे.

आणि गंमत ऐक. इथे वर्षालीच्या शाळेने गेल्या आठवड्यात गणवेश बदलला. मोरपंखी! मी मुख्याध्यापकांना जाऊन इतका बोललो की दोन शिक्षकांनी मला धरून बाहेर आणलं. "शिक्षणाचा बाजार मांडलाय" असं ओरडत होतो. घरी आलो तर भाग्यश्री म्हणाली, "आता स्वतःच्या टेबलाकडे बघून तेच वाक्य म्हणा." दोन दिवस तिने मला नुसती आमटी वाढली.

आता करू काय? अकराशे जोड शिवून तयार आहेत. शेठने अर्धेच नेले. बाकीचं शाळा सुरू झाल्यावर, असं म्हणतात. तुम्ही माघार घेतलीत तर सगळं सुरळीत होईल. तुझ्या दोघांचे कपडे तर आहेतच.

तुला जोडे मारायचे असतील तर मार. पण बाहेर सांगू नकोस.

विलास

कुरुळी, १९ जून २०२५

चि. विलास,

बाहेर सांगितलं. तुझं पत्र भिमाबाईंच्या अंगणात उभं राहून अख्खं वाचून दाखवलं, आमटीसकट. म्हटलं, कमिशनची शंका आहे ना, मग हे घ्या, माझ्या सख्ख्या भावाचं अक्षर.

संपलं तेव्हा एकीने शिवी दिली, ती तुला की मला ते कळलं नाही. भिमाबाईच शेवटी बोलल्या, "पोरीनं आपलाच दात उपटून हातात दिला की. आता काय तिचा जबडा बघायचाय व्हय? भाव हाय ना तुजा? मग त्येला हितं बोलीव. अधिकाऱ्यापुढं बोलू दे."

शाळा सोमवारी सुरू झाली. सत्तरेक जणांनी धीर सोडून नवे कपडे घेतलेच होते. ती पोरं मोठ्या गेटने आत गेली. राखाडीवाल्यांना बाजूच्या दाराने नेऊन ग्रंथालयात बसवलं. पुस्तकांच्या कपाटांना कुलूप, म्हणून दिवसभर पोरांनी कुलपं वाचली. तीन दिवस हेच. टीचर म्हणाल्या, शिक्षा नाही, "वेगळी आसनव्यवस्था" आहे.

स्नेहलने घरी येऊन दप्तर कोपऱ्यात टाकलं. तुझं पार्सल पलंगाखाली आहे, तिला माहीत आहे. दुसऱ्या रात्री मीच म्हटलं, "घाल बाई, घालून जा. माझी काही तक्रार नाही." तिने ब्लेझर बाहेर काढला, मांडीवर ठेवला, बाहीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आई, समीक्षा माझ्या शेजारी बसते. तिच्या पप्पांना ब्रेक दिलाय कंपनीने, पगार बंद आहे. मी हे घालून गेले तर ती त्या लायब्ररीत एकटी बसेल." आणि घडी करून परत ठेवला. नंतर पांघरुणात रडत होती. मला ऐकू येत होतं, पण मी गेले नाही. गेले असते तर मीच तिला ब्लेझर घालून पाठवलं असतं.

अठ्ठावीस तारखेला शनिवारी शाळेत बैठक आहे. शिक्षण अधिकारी येणार, संचालक असणार. तुला चारच वाक्यं बोलायची आहेत. हे कुणी शिवलं, खर्च किती आला, विकलं कितीला, आणि बदलायचं कुणी ठरवलं.

येशील तर भात लावून ठेवते. नाही आलास तर यापुढे पत्र पाठवू नकोस.

अक्का

सोलापूर, ३ जुलै २०२५

ती. अक्का,

सुखरूप पोचलो. बैठकीतलं तू पाहिलंसच. चार वाक्यांतलं पहिलंच तीनदा म्हटलं. संचालकांनी "तुम्ही कोण, कुठल्या अधिकाराने बोलताय?" असं विचारलं. "मी शिवणारा. आणि मामा," असं तोंडातून गेलं, तर सगळ्या बायका हसल्या. पण त्या हसण्यानेच जीभ सुटली. आकडे मग आपोआप आले. अधिकारी साहेब लिहून घेत होते आणि संचालक पाणी पीत होते.

तुझ्या घरी जेवून निघालो, तो सरळ घरी आलो नाही. निगडीला उतरून शेठकडे गेलो. म्हटलं, लपवाछपवी नको, आपणच सांगावं. त्यांना आधीच कळलं होतं. ओरडले नाहीत, अक्का. चहा मागवला. म्हणाले, "विलासराव, तुम्ही भला माणूस. भल्या माणसाने मंदिर बांधावं, गणवेश शिवू नये." मग टेबलावर नमुना दाखवला, एका दुसऱ्या शाळेचा, पिवळा आणि तपकिरी. "हा दुसरीकडे दिलाय. गणवेश बदलतो तसा शिवणाराही बदलतो." उरलेला माल परत घेऊन जा म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले, चपला पुढे केल्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बायांना काल सांगितलं. मी खाली मान घालून उभा. त्यांच्यातली सगळ्यात जुनी म्हणाली, "आमच्याबी पोरांच्या शाळेनं मोरपंखी केलंय, मालक. आमीबी इथं शिवायचो आन् तिथं भरायचो." आणि मशीन चालू केली. काय शिवत होती कुणास ठाऊक, काम तर नव्हतंच.

पश्चात्ताप होतोय की नाही, खरं सांगू? बोलल्याचा अर्धा होतोय. आधी गप्प बसल्याचा पूर्ण. भाग्यश्रीने मात्र आमटीसोबत भाजी वाढायला सुरुवात केली आहे.

विलास

कुरुळी, १६ जुलै २०२५

चि. विलास,

साहेबांनी शाळेकडून लेखी खुलासा मागितला. खुलासा काय गेला ते देवाला माहीत, पण सोमवारी ग्रुपवर मेसेज आला. शाळा हरली असं त्यात कुठेही नाही. उलट "विद्यार्थ्यांच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा सन्मान म्हणून" यंदा कोणताही गणवेश चालेल! त्यामुळे आता प्रार्थनेला निळे, राखाडी, जांभळे, सगळेच उभे असतात. संचालकांनी त्याचा फोटो काढून हायवेला भला मोठा फ्लेक्स लावला आहे, "विविधतेत एकता". प्रवेश सुरू आहेत. दाजी कंपनीच्या बसमधून रोज त्याला नमस्कार करतात.

ग्रंथालय रिकामं झालं, कपाटांना कुलूप मात्र आहेच. ज्या सत्तर जणांनी आधीच पैसे भरले, ते माझ्यावर चिडून आहेत. म्हणतात, तुम्ही आधी का नाही भांडलात? त्यांची पोरं घामाने निथळत ब्लेझर घालतात, आयांनी ताकीद दिली आहे. हळदीकुंकवाची साडीवाली अजून बोलत नाही. नाही तर नाही.

स्नेहलने तिचा ब्लेझर समीक्षाला घालायला दिला आणि स्वतः टाय लावला. दोघी आलटून पालटून मिरवतात. आवडतं ते आवडतं.

आता कामाचं. पोरं वाढतायत, राखाडीही आखूड होणारच. बायकांनी ठरवलं, साधा निळा-पांढरा आपणच शिवून घ्यायचा, दोनशे पोरांचा, आणि तो तुझ्याकडून. मी आधी नको म्हटलं. पुन्हा कुणी कमिशन म्हणायला नको. विजयश्रीताई म्हणाल्या, "म्हणूनच भाव अंगणात सगळ्यांसमोर ठरवायचा. बहिणीचा भाऊ म्हणून एक रुपया जास्त नाही, आणि कमीही नाही. त्या चौदा जणींची मजुरी आधी धरा." तेव्हा तू येत्या रविवारी ये. माझ्या घरी नाही, अंगणात ये. जेवण नंतर.

भिमाबाईंनी परवा शेठच्या दुकानचा एक स्कर्ट उलटा करून खालची शिवण तपासली, बोटाने दाबून पाहिली. तुझ्याच कारखान्यातला होता तो. म्हणाल्या, "शिवलंय झ्याक, पण हिला आत दुमडलेली मायाच न्हाई. पोरगी वाढली तर सोडायचं काय?"

तेवढं लक्षात ठेव. खाली चांगली चार बोटं माया ठेव रे.

तुझी
अक्का